पोटातला पेसमेकर, आठ महिन्यांनंतर: मशीन बरं, पट्ट्याची मात्र बोंब

सिंगल चेंबर, म्हणजे हृदयाच्या एकाच कप्प्यात जाणारी एकच वायर. पण माझी डबी छातीत नाही, पोटाच्या कातडीखाली उजवीकडे, पट्टा येतो नेमकी तिथे.

डावीकडचा जुना पेसमेकर पू होऊन काढावा लागला. उजवीकडे कधीकाळी केमोचा पोर्ट, म्हणजे औषध शिरेत सोडायची कातडीखालची डबी, होता. डाय सोडून शिरा पाहिल्या, तर वायर हृदयाकडे न्यायचा दोन्ही बाजूंचा रस्ता गळपट्टीच्या हाडामागे बुजलेला. मानेतली शीरही पुढे तिथेच जाऊन मिळते, म्हणजे तीही बाद. उरले तीन पर्याय: छाती उघडून हृदयावर बाहेरून वायर शिवायची, मांडीच्या शिरेतून बिनवायरीची कॅप्सूल सोडायची, नाहीतर जांघेतून वायर वर न्यायची. कॅप्सूलचं कोटेशन बघून मीच म्हटलं, वायर चालेल.

वायर नेहमीपेक्षा लांब लागते, ८५ सेंटीमीटरची. मांडी घालून बसलो तर दुमडेल ही माझी धास्ती. डॉक्टर म्हणाले, "काका, शीर जांघेच्या घडीच्या वरच टोचतो, घडीत वायर येतच नाही." ते खरं निघालं. रोज मांडी घालूनच जेवतो.

पण अठराव्या दिवशी संडासातून बाहेर येताना डोळ्यांपुढे अंधारी. वायरचं टोक निसटलं होतं. टोकाला स्क्रू होता, पण आत ढील कमी ठेवली होती. खालून घातलेली वायर सुटण्याची भीती जास्त असते, हे सहीच्या कागदावर होतं म्हणे. दुसऱ्यांदा टेबलावर झोपलो आणि बिलात कॅथलॅबचे पैसे पुन्हा लावलेले! दोन दिवस काउंटरवर भांडलो. कॅथलॅबचं माफ झालं, औषधांचं नाही.

त्या रागात दोन तारे द्यायचं ठरवलं होतं. पण परवा तपासणीला गेलो. टेक्निशियन पोरगी नवीन, वाँड, म्हणजे पेसमेकर वाचायचा दांडा, डाव्या छातीवर जुन्या वणावर धरून बसली. सिग्नल येईना. दोनदा मशीन बंद करून सुरू केलं. म्हटलं, "बाळा, जरा खाली." "किती खाली?" "पोटावर." ती माझ्याकडेच बघत राहिली. मग आकडे आले: थ्रेशोल्ड, म्हणजे ठोका पाडायला लागणारा कमीत कमी झटका, ०.७५ व्होल्ट, सहा महिन्यांत जराही हललेला नाही. एक तारा तिथेच वाढवला.

राहिला पट्टा. बक्कल डबीच्या कडेवर घासतं, संध्याकाळी कातडी लाल. चौकशी केली तर म्हणे सैल कपडे घाला. अहो, सैल पँट पट्ट्याशिवाय राहते का? लेंग्याची नाडीही तिथेच. ऑपरेशनच्या आधी पट्टा कुठे बांधता एवढं विचारून पेनाने खूण केली असती, तर डबी चार बोटं वर बसली असती. पैसे लागले नसते.

शेवटी ३५० रुपयांचे गॅलिस आणले. नातू हसतो. चौथा तारा गॅलिसवाल्याला.