उणे अठरा हजार चारशे: हिशेबाचं सॉफ्टवेअर नऊ महिने वापरून

दिवाळी पाडव्याला घेतलं, आता श्रावण आला. बिलं, जीएसटी रिटर्न, स्टॉक यात काही अडत नाही. ग्राहकाची जमा बाकी दाखवण्याच्या पद्धतीवर मात्र लिहायलाच हवं, कारण तिच्यापायी मागच्या आठवड्यात मान खाली घालावी लागली.

तासगावात आमचं पाइप-ठिबकचं दुकान. गिऱ्हाईक बहुतेक द्राक्षबागायतदार. बेदाण्याचे पैसे हातात आले की कितीतरी जण एकरकमी दुकानात जमा करून ठेवतात आणि एप्रिलच्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत लागेल तसा माल उचलतात. उरलेले पाइप परत येतात, त्यांची क्रेडिट नोट निघते. अशा खात्यांवर देणं आमचंच असतं.

सॉफ्टवेअर सगळं 'येणे बाकी' या एकाच रकान्यात टाकतं. गिऱ्हाइकाकडून येणं असेल तर 18,400, आपलं देणं असेल तर -18,400. दोन्ही लाल. मोबाइलवर ती उण्याची रेघ रुपयाच्या चिन्हाला चिकटते, दिसतच नाही. मुलानं यादी बघून एका काकांना वसुलीचा फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "आरं बाळा, पैसं माझंच हायेत की तुमच्याकडं. पावती आणून दावू का?" तीस वर्षांचं गिऱ्हाईक! संध्याकाळी मी स्वतः मळ्यावर जाऊन माफी मागून आलो.

हेल्पलाइनला तीन फोन केले. उत्तर एकच, "सर, मायनस म्हणजे क्रेडिट." अहो, मला कळतं, पण काउंटरवरच्या पोराला घाईत कळायला नको का? वडिलांच्या खतावणीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे. पान उघडलं की कोण कुणाचं देणं लागतो हे आकडा वाचायच्या आधी समजायचं.

बेरजेतही तोच घोळ. पहिल्या पानावर एकूण येणं 6,42,100 दिसत होतं. खातं-खातं उघडून बेरीज केली तेव्हा येणं 7,10,500 आणि आमचं देणं 68,400 निघालं. ही वजाबाकी करायचीच नसते. रामूची जमा शामूच्या उधारीत कशी वळती होईल? ताळेबंदात गिऱ्हाइकांची आगाऊ रक्कम देण्यांच्या बाजूला जाते, सीएंनी मार्चमध्येच हे बजावलं होतं.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे देणार होतो. काल चौथा फोन केला. पलीकडच्या मुलीनं अर्धा तास न कंटाळता ऐकून घेतलं आणि प्रिंटच्या सेटिंगमध्ये दडलेलं एक बटण दाखवलं, 'चिन्हाऐवजी जमा/नावे'. ते चालू केल्यावर काकांच्या खात्यावर हिरव्या अक्षरांत '18,400 जमा' आलं. खरंच बरं वाटलं. तिच्यासाठी एक तारा वाढवतो. पण हे बटण मुळात बंद का ठेवलं? नऊ महिने मी वर्षाचे 4,500 रुपये भरून उण्याची रेघ शोधत बसलो होतो.

अजून दोन गोष्टी राहिल्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरचा आठवणीचा संदेश जमा खात्यांनाही 'बाकी' म्हणूनच जातो, तो मी बंद केलाय. दुसरं, नवं बिल करताना जमेची आठवण होत नाही. पैसे खात्यावर पडून राहतात आणि बिल थकीत दिसतं. बिलाच्या तळाला तीन ओळी छापून याव्यात: मागील जमा, या बिलात वळती, शिल्लक जमा. पाडव्याला नूतनीकरण आहे. तोवर त्या आल्या तर पैसे भरीन. सध्या प्रत्येक बिलाखाली निळ्या पेनानं हाताने लिहून देतोय.