परागकण की ऑस्ट्रॅकॉड? इंटरट्रॅपियन थरांवर प्रबंध करू इच्छिणाऱ्या सोलापूरकरांसाठी

दख्खन ट्रॅपच्या दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात साचलेला तळ्याचा गाळ, म्हणजेच इंटरट्रॅपियन थर, प्रबंधासाठी निवडला की पाठोपाठ दुसरा निर्णय घ्यावा लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा तो परिसर परागकणांच्या आधारे उभा करायचा, की ऑस्ट्रॅकॉड (दोन झडपांचे कवच असलेले पाण्यातले सूक्ष्म जीव) आणि शंख यांच्या आधारे? सोलापूरहून पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यातील गुरमटकलचे थर गाठणे फारसे अवघड नाही आणि तेथे दोन्ही मार्ग मोकळे आहेत. मी दुसरा मार्ग धरला. पहिला मार्ग कमी प्रतीचा आहे असे मात्र मी म्हणणार नाही.

परागकणांचा आवाका मोठा आहे, हे आधीच मान्य करावे लागते. ऑस्ट्रॅकॉड फक्त तळ्याविषयी बोलतो. परागकण मात्र तळ्याकाठचे नेचे, मागचे ताडवर्गीय वृक्ष आणि पलीकडच्या उंचवट्यावरचे रान असे सगळेच एका स्लाइडवर आणून ठेवतो. ॲक्विलापोलेनाइट्ससारखे परागकणाचे रूप हाती लागले, तर थर क्रेटेशसच्या अखेरच्या, म्हणजे मास्ट्रिक्टियन टप्प्यातील असल्याचा चांगला आधार मिळतो. वयाच्या बाबतीत ऑस्ट्रॅकॉड इतके ठामपणे बोलत नाहीत.

परागकण सोडवून घेण्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते आणि ते चालणाऱ्या फ्यूम हूडखेरीज (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाखेरीज) हाताळण्याचा विचारही करू नये, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु माझा निर्णय आम्लामुळे झाला नाही. तो झाला गवताच्या परागकणामुळे. हा कण साधारण गोल असतो, त्याला एकच छिद्र असते आणि त्या छिद्राभोवती उठावदार कडे असते. एकदा ओळखू आला की पुन्हा चुकत नाही. अडचण अशी की आपल्या भागात मालदांडी ज्वारी निसवून फुलोऱ्यात आली की असेच कण वाऱ्यावर सर्वत्र असतात आणि उघड्या खिडकीतून, अंगावरच्या कपड्यांतून, धुतलेल्या काचेवरूनही ते नमुन्यात उतरतात. गाजरगवताचा काटेरी कण दिसला तर तो आजचा म्हणून निःशंकपणे बाजूला काढता येतो, पण गवताचे तसे करता येत नाही, कारण चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरच्या मानल्या जाणाऱ्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सिलिकाकण सापडल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या काळी या भूमीवर गवत होते हे त्यावरून ठरले. म्हणजे समोरचा कण खरोखर प्राचीन असण्याची शक्यता उरतेच. तो चपटा झाला आहे का, त्याचा रंग तपकिरीकडे झुकला आहे का, सॅफ्रॅनिन हा लाल रंग त्याने कसा घेतला, हे सारे पाहता येते. तरी एका कणासमोर संपूर्ण दुपार घालवल्यावर खात्री झाली असे मला क्वचितच म्हणता आले. ज्यांच्या प्रयोगशाळेत हवा गाळून आत घेतली जाते, त्यांचा अनुभव कदाचित निराळा असेल.

ऑस्ट्रॅकॉडच्या कामात मात्र ही शंका फिरकत नाही. मऊ चिकणमाती भिजत घालावी, न फुटल्यास सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे, बारीक चाळणीवर धुवावी आणि वाळलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्याने निवडावा, इतकेच ते काम आहे. मला सर्वांत मोलाची वाटते ती या जीवाची वाढण्याची रीत. गोड्या पाण्यातला ऑस्ट्रॅकॉड प्रौढ होईपर्यंत आठ वेळा जुने कवच टाकतो, त्यामुळे एकाच जातीची लहानमोठी कवचे गाळात जमतात. चाळणीत सर्व आकार एकत्र सापडले तर तो समूह त्याच पाण्यात जगला. एकाच मापाची कवचे उरली असतील, तर प्रवाहाने ती निवडून आणली असण्याचा संशय घ्यावा. आपण इथलेच की वाहून आलेले, हे परागकण असे स्वतःहून सांगत नाही. याच गाळात कारा कुळातील शैवलांची पीळदार, चुनखडीयुक्त फळे मिळाली तर पाणी उथळ, संथ आणि नितळ होते असे म्हणता येते, आणि फायसासारखा हवेत श्वास घेणारा शंख त्याला दुजोरा देतो. पाण्याच्या खारेपणाबाबतही या बाजूचा पुरावा अधिक थेट असतो. छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिलीच्या थरांत समुद्रात तरंगणारी फोरॅमिनिफेरा (कवचधारी एकपेशीय जीव) सापडल्याचे २००९ मध्ये मांडले गेले आणि समुद्राचा एखादा फाटा आत शिरला होता का, हा प्रश्न थेट मध्य भारतापर्यंत येऊन पोहोचला.

या मार्गातही कटकटी आहेतच. जाती ओळखण्यासाठी कवचाच्या आतील बिजागरी आणि स्नायूंच्या खुणा पाहाव्या लागतात. दोन्ही झडपा घट्ट मिटलेल्या असतील तर त्या दिसत नाहीत, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी दुसऱ्या गावच्या रांगेत थांबावे लागते. शिवाय थर कठीण चर्टचा (गारगोटीसारख्या सिलिकायुक्त खडकाचा) असेल तर धुण्याचा उपाय चालत नाही, तेथे परागकणांनाच कौल द्यावा. लाल, गंजलेल्या मातीत मात्र परागकण बहुधा टिकत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.

तुलनेसाठी जिवंत नमुने आपल्याला हिप्परगा तलावाच्या काठीच मिळतात, ही सोय मला फार उपयोगी पडली. प्रबंधाचा मुख्य प्रश्न थराचे वय हा असेल तर माझे ऐकू नये. प्रश्न तळ्याच्या पाण्याचा असेल तर ऑस्ट्रॅकॉड घ्यावेत. फक्त मुठीएवढा, न फोडलेला एक दगड वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवावा, म्हणजे पुढे कोणी परागकणांचे काम हाती घेतले तर त्याला आतला कोरा भाग मिळेल.