बिअर बिघडली का, हे हायड्रोमीटर कितपत सांगतो?

घरी बिअर करणाऱ्याला एकदा तरी अशी वेळ येते, की फर्मेंटरचे, म्हणजे बिअर आंबवण्याच्या भांड्याचे, झाकण उघडताच वर काहीतरी तरंगताना दिसते आणि सगळे मोरीत ओतून मोकळे व्हावे असे वाटू लागते. माझ्या तिसऱ्या बॅचच्या वेळी मी ते खरोखरच केले. वर तरंगत होते ते यीस्टचे साधे मळकट गोळे होते, हे पुढच्या बॅचवरही तसेच गोळे आले आणि तरीही बिअर उत्तम निघाली तेव्हा कळले. त्यानंतर काचेचा हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगत त्याची घनता दाखवणारी कांडी, आणि त्याची उभी नळी असा संच घेतला. दोन वर्षांच्या वापरानंतरचे हे मत आहे.

उपकरणावर विशिष्ट घनता (पाण्याच्या तुलनेत द्रव किती दाट आहे), साखरेचे प्रमाण आणि संभाव्य मद्यार्क अशा तीन मोजपट्ट्या आहेत, पण बिघाड ओळखायला पहिलीच उपयोगी पडते. माझा हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअससाठी आखलेला आहे, म्हणजे त्या तापमानाच्या शुद्ध पाण्यात त्याने १.००० दाखवायला हवे; तो १.००२ दाखवत होता. चूक कायम तेवढीच राहत असल्याने प्रत्येक वाचनातून ०.००२ वजा करून काम भागते, मात्र ही तपासणी पहिल्याच दिवशी न करणाऱ्याची पुढची सगळी गणिते चुकतील. नमुना गरम असेल तर आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, आणि नळीत सोडल्यावर हायड्रोमीटरला हलकी गिरकी दिली नाही तर त्याला चिकटलेले वायूचे बुडबुडे त्याला वर उचलतात व आकडा फुगतो.

आता मुख्य प्रश्न. यीस्ट साखरेचे मद्यार्क करत जाते तशी घनता उतरते. समजा १.०४८ पासून सुरू झालेली बिअर १.०१२ वर येऊन थांबली आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली वाचने सारखीच आली, तर आंबण्याची क्रिया संपली असे मानता येते. पण आठवड्याभराने तोच आकडा १.००८, मग १.००५ असा उतरत गेला, तर नेहमीच्या यीस्टला न पचणारी डेक्सट्रिनसारखी शर्करा दुसरे कोणीतरी, बहुधा रानटी यीस्ट, खात आहे अशी शंका घ्यायलाच हवी. असा संसर्ग वासाला आणि चवीला सुरुवातीला जाणवेलच असे नाही. घनता ०.००१ ने उतरली की बिअरच्या घनफळाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बहुतेक बिअरमध्ये तो घनफळाच्या सुमारे अडीचपट असतो. बाटल्या बंद केल्यानंतर आणखी सहा अंक, म्हणजे ०.००६, उतरले, तर मुळातल्या वायूत बिअरच्या घनफळाच्या सुमारे तिप्पट वायूची भर पडते आणि बाटल्या फुटू शकतात. नाक जिथे हात टेकते तिथे ही काचेची कांडी बोलते, आणि माझ्या मते तिची खरी किंमत एवढ्यासाठीच आहे.

याउलट, आकडा जागच्या जागी असला म्हणजे बिअर चांगली आहे, असे मात्र ती सांगू शकत नाही. अ‍ॅसिटोबॅक्टर जीवाणूंनी मद्यार्काचे व्हिनेगर करायला घेतले किंवा हवा लागून ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली, तरी घनतेवरून तुम्हाला काही कळणार नाही. इथे नळीतला नमुना कामी येतो: तो फर्मेंटरमध्ये परत ओतायचा नसतोच, तेव्हा हुंगावा आणि चाखावा. हिरव्या सफरचंदाचा वास बहुतेक वेळा बिअर कच्ची असल्याचा असतो. लोण्यासारखा वास यीस्टला थोड्या उबेत आणखी दोन-तीन दिवस दिल्यास बऱ्याचदा जातो. सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वास थंड तापमानात आंबवलेल्या लागर बिअरमध्ये नेहमीचा आहे आणि तो विरतो. दुधावर धरावी तशी पांढरी, सुरकुतलेली साय आणि तिच्यात अडकलेले मोठे बुडबुडे दिसले, तर मात्र जंगली यीस्ट किंवा जीवाणू शिरले आहेत असे समजावे. काही आंबट बिअरमध्ये हीच साय मुद्दाम धरू देतात, त्यामुळे ती दिसली म्हणून लगेच ओतून देण्याचे कारण नाही. आकडा स्थिर होईपर्यंत बाटलीबंद करू नये, इतकेच. हिरवी-काळी, लव असलेली बुरशी मात्र वेगळी. तिथे मी चाखतही नाही, बॅच टाकून देतो.

सोबत आम्लता मोजणारे पीएच मीटर असेल (आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) तर निदान पक्के होते. साध्या बिअरचा पीएच साधारण ४.० ते ४.५ असतो, तो ३.५ च्या खाली गेला तर आम्ल करणारे जीवाणू आल्याची शक्यता मोठी. पण दोहोंपैकी एकच घ्यायचे असेल, तर मी हायड्रोमीटरच घेईन.

तक्रारी दोन आहेत. एका तपासणीला शंभर मिलिलीटरहून अधिक बिअर खर्ची पडते, जे लहान बॅचला परवडत नाही. दुसरी अधिक गंभीर: मोजपट्टीचा कागद काचेच्या आत नुसता चिकटवलेला असतो आणि धक्का बसला की सरकू शकतो. कागदाच्या वरच्या कडेशी मी काचेवर बाहेरून रंगाचा बारीक ठिपका दिला आहे. कड ठिपक्यापासून हलली, तर नमुना काढण्याआधी पुन्हा पाण्याची परीक्षा घेतो.