31 जीबीचं दप्तर आणि नौपाड्यातले डिस्कवाले काका

कम्प्युटरमधून उडालेलं परत काढून देणाऱ्या या काकांनी दुकानाचं नाव लिहायचं नाही, असं बजावलंय. "लोक तुटलेले पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि बारशाचे फोटो मागतात," हे त्यांचं कारण. तेव्हा पत्ता एवढाच: ठाण्यातला नौपाडा, गोखले रोडच्या आतली एक गल्ली, जुन्या इमारतीचा पहिला मजला. खालच्या पोळीभाजी केंद्रात 'डिस्कवाले काका' म्हणालात की पोळ्या लाटणाऱ्या बाई लाटण्यानंच वर दाखवतात.

आमचा वागळे इस्टेटला रबरी गॅस्केट आणि ओ-रिंगचा छोटा धंदा आहे. बाबांनी सुरू केला, आता मी बघते. पार्टीची ड्रॉइंग, कोटेशन, पीओ (खरेदीची ऑर्डर), 'माल पोचला पण दोन नग कमी' ही रडगाणी, सगळं ईमेलवर. आणि ते सगळं एकाच कम्प्युटरवर, आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅमच्या एकाच पीएसटी फाइलमध्ये, म्हणजे सगळा मेल साठवणाऱ्या फाइलमध्ये. फाइल झाली होती 31 जीबीची. आउटलुक 2010 पासून या फाइलची मर्यादा 50 जीबी आहे, त्यामुळे अजून जागा आहे म्हणत आम्ही भरत गेलो. घरातला माळा भरतात तसं.

जुलैमध्ये एका संध्याकाळी धो धो पाऊस आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी संपल्याचं तो बिचारा तीन महिने टूं टूं करून सांगत होता. आम्ही काय केलं, तर त्याचा आवाज बंद करायचं बटण शोधून काढलं. लाइट आल्यावर आउटलुक उघडलं तर ते म्हणतंय, फाइलमध्ये चुका आहेत, स्कॅनपीएसटी चालवा.

इथे माझा भाचा कथेत शिरतो. पोरगं हुशार आहे, हे आधी लिहिते, कारण ताई हे वाचणार. स्कॅनपीएसटी हे मायक्रोसॉफ्टचंच दुरुस्तीचं साधन, ऑफिसबरोबर फुकट येतं, पण स्टार्ट मेनूत नसतं, प्रोग्रॅम फाइल्सच्या पोटात शिरून शोधावं लागतं. ते त्यानं शोधलं. दुरुस्ती करण्याआधी ते मूळ फाइलची प्रत काढून ठेवतं, त्या चौकटीत खूण आधीच केलेली असते. पण प्रतीलाही तेवढीच, म्हणजे 31 जीबी जागा लागते आणि आमच्या सी ड्राइव्हवर ती नव्हती. मग भाच्यानं 'जुनं' नावाचं एक फोल्डर शिफ्ट-डिलीट केलं, तरी जागा पुरेना, म्हणून प्रतीची खूणच काढून टाकली. रात्री साडेनऊला दुरुस्ती सुरू झाली. सकाळी बघतो तर पट्टी अर्ध्यावर अडकलेली आणि खिडकी पांढरीफटक. त्यानं बटण दाबून डबा बंद केला.

त्या 'जुनं'मध्ये काय होतं? 2021 साली कम्प्युटर बदलताना ठेवलेली पीएसटीची प्रत. आमचा एकमेव बॅकअप.

यानंतर फाइल उघडली, पण अवस्था अशी की भूकंप झालेल्या घरात कपाट उभं आणि खण रिकामे. बाबांनी केलेली फोल्डर होती: 'वसुली', 'वसुली कडक', 'अंबरनाथ', 'खुनशी पार्टी'. ती सगळी नाहीशी. त्याऐवजी 'लॉस्ट अँड फाउंड' नावाचं एक पोतं, आणि त्यात रिकव्हर्ड फोल्डर, पुढे कसलासा आकडा, अशी पिल्लं.

आधी एका मोठ्या रिकव्हरीवाल्यांना फोन केला. नाव घेत नाही. त्यांनी फाइल न बघता 18 हजार सांगितले, निम्मे आगाऊ, आणि 'मॅडम, हंड्रेड पर्सेंट'. मी रबरात मुरलेली बाई. कुठलाही सप्लायर माल न बघता शंभर टक्के म्हणाला की मी फोन ठेवते. तसाच ठेवला.

काकांकडे गेले तेव्हा डबा रिक्षात मांडीवर घेऊन गेले. त्यांनी डब्याकडे पाहिलंच नाही. पहिला प्रश्न, "लाइट गेली त्याला किती दिवस झाले?" चार. "आणि ते फोल्डर उडवल्यावर कम्प्युटर किती वापरलात?" दोन दिवस, बिलं काढायची होती. यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आमच्या शाळेत गणिताचे सर असंच करायचे.

मग त्यांनी समजावलं, आणि ते इथे लिहिण्याजोगं आहे. साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर फाइल उडवली की फक्त तिची नोंद खोडली जाते, मजकूर जागेवर असतो, पण ती जागा मोकळी धरली जाते. त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की संपलं. आम्ही काढलेलं प्रत्येक बिल, विंडोजचं प्रत्येक अपडेट त्या मजकुरावर पाय देऊन जात होतं. आमची डिस्क जुन्या पद्धतीची होती हे नशीब. एसएसडी, म्हणजे चकती न फिरणारी नवी डिस्क, असती तर ट्रिम नावाची सोय उडवलेल्या जागा स्वतःहून साफ करायला लावते, मग काका काय नि काकांचे गुरू काय.

काका एमटीएनएलचे. 2020 च्या जानेवारीत जी मोठी व्हीआरएस झाली तिच्यात बाहेर पडले. त्यांचं सगळं काम त्या शिस्तीचं आहे: केबलला हात लावण्याआधी दोन्ही टोकांचे नंबर लिहून ठेवायचे. त्यांनी मला 2 टीबीची नवी डिस्क आणायला पाठवलं. माझ्यासमोर आमची डिस्क काढली, तिच्या प्रत्येक कणाची, म्हणजे रिकाम्या दिसणाऱ्या जागेचीसुद्धा, नव्या डिस्कवर नक्कल करायला लावली, आणि दुसऱ्या दिवशी मूळ डिस्क पाकिटात घालून, पाकिटावर माझी सही घेऊन मलाच परत दिली. "ही घरी लोखंडी कपाटात ठेवा. मी चुकलो तर दुसऱ्याकडे जायला तुमच्याकडे काहीतरी पाहिजे."

या एका वाक्याचे मी पैसे दिले, असं म्हटलं तरी चालेल. कारण पुढचं सगळं काम नकलेवर झालं. फसलं असतं तरी मी होते तिथेच राहिले असते.

उडवलेली 2021 ची फाइल त्यांनी नकलेतून वर काढली. मधले काही तुकडे आमच्या बिलांनी खाल्ले होते, पण बरीचशी शाबूत होती. मग त्यांनी वापरलं काय, तर तेच स्कॅनपीएसटी! मी जरा नाराजच झाले, एवढं कौतुक ऐकून यावं आणि डॉक्टरनं क्रोसिन द्यावी. पण ते एकदा चालवून भागत नाही. दुरुस्ती झाली की पुन्हा तपासायचं, पुन्हा चुका निघतात, पुन्हा दुरुस्ती. काकांनी वहीत रेघा मारल्या होत्या, 2021 च्या फाइलला पाच, बिघडलेल्या 31 जीबीच्या फाइलला नऊ. दर वेळी आधी प्रत वेगळी काढून. नवव्या खेपेला 'चूक नाही' आलं. भाच्यानं पहिल्याच खेपेला अर्ध्यात सोडलं होतं.

तिसरी गंमत पीओपीची. आमचा मेल पीओपीनं येतो, म्हणजे सर्व्हरवरून उतरवून आपल्या डिस्कवर. पण आउटलुकच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हरवर 14 दिवस प्रत ठेवा' असं असतं, आणि 14 दिवस झाले की ती काढून टाकायचं काम आउटलुकच करतं. म्हणजे आउटलुक उघडलंच नाही तर सर्व्हरवरचं कोण काढणार? काकांनी मला पहिल्याच दिवशी त्या खात्याचं आउटलुक उघडायला मनाई केली होती, ती यासाठी. शेवटच्या दोन आठवड्यांचा आलेला सगळा मेल तिथून एकही न गळता मिळाला.

आता काय गेलं ते. पाठवलेला मेल. पीओपीत पाठवलेलं सर्व्हरवर राहत नाही, ते फक्त आपल्याच फाइलमध्ये असतं. मार्च ते जूनमधली आमची पाठवलेली पत्रं बहुतेक गेली. काकांनी हे मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, काम पुरं व्हायच्या आधी. "हे येणार नाही, त्याची वाट बघू नका. ज्यांना पाठवलंत त्यांच्याकडे असेल."

म्हणजे गिऱ्हाइकाला फोन करून विचारायचं, की आम्ही तुम्हाला काय भाव दिला होता? धंद्यात याहून लाजिरवाणा फोन नसेल. अकरा पार्ट्यांना केला. दहा जणांनी आमचं कोटेशन जसंच्या तसं पुढे पाठवलं, एकानं वर 'काळजी घ्या ताई' लिहिलं. अकराव्यानं तोंडी एक भाव सांगितला, तो आमच्या रबराच्या खरेदीपेक्षाही कमी होता. बाबांनी त्यांना 'खुनशी पार्टी'त का टाकलं होतं ते आता कळलं. सीएंनी वेगळी धास्ती घातली होती, की जीएसटीत वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने हिशोबाचे कागद ठेवावे लागतात. सुदैवानं बिलं टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होती, आणि खरेदीची मेलवर आलेली बिलं जुन्या फाइलमधून निघाली.

खर्च: काकांचे 4,500, डिस्कचे वेगळे. पावती मागितल्यावर मिळाली, न मागता नाही.

आता तक्रारी, कारण नुसती आरती ओवाळायला बसलेली नाही. चार दिवस सांगून नऊ दिवस लावले. फोन उचलत नाहीत. मी तीनदा वागळे इस्टेटहून निव्वळ 'झालं का' विचारायला आले आणि गोखले रोडला गाडी लावायची म्हणजे काय ते ठाणेकरांना सांगायला नको. जिना असा उभा आहे की डबा घेऊन चढताना कठड्याला देव म्हणावंसं वाटतं. बसायला एकच स्टूल, त्यावरही मॉनिटर. शिवाय फोल्डरची नावं परत लावून देत नाहीत, मेल मिळाला म्हणजे काम झालं असं त्यांचं मत. 'वसुली' आणि 'वसुली कडक' मी दोन रविवार बसून हातानं लावलं, आणि बाबा कोणाला कडक म्हणायचे ते ठरवताना आईला चार वेळा फोन झाले.

आणि ऐकून घ्यावं लागतं. बॅकअपवरून, यूपीएसवरून, पीएसटी फाइल नेटवर्कच्या ड्राइव्हवर ठेवण्यावरून (मायक्रोसॉफ्टही तसं ठेवू नका म्हणतं). भाचा सोबत आला होता, त्यालाही मिळालं. पण जाताना काकांनी त्याला जवळ बोलावून वहीतल्या त्या नऊ रेघा दाखवल्या. आता तो शनिवारी अर्धा दिवस तिथे जातो. पगार नाही, पोळीभाजी मिळते.

पाचपैकी चार. एक तारा जिन्याचा कापला.

दुपारी एक ते चार बंद, गुरुवारी पूर्ण बंद. डिस्क सुटी नेणार असाल तर तिच्याबरोबर आलेल्या, स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या चंदेरी पाकिटात न्या, ते नसेल तर डबाच उचलून न्या. मी दुसऱ्या खेपेला पाकीट घरी ठेवून भाजीच्या प्लास्टिकच्या पिशवीत नेली होती, काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.