याग लेसर: काम पाच मिनिटांचं, निर्णय मात्र घाईचा नको

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नजर पुन्हा धुरकट झाली की ‘मोतीबिंदू परत आला’ असं पेशंट म्हणतात, पण तो परत येत नाही. ऑपरेशनमध्ये गढूळ भिंग काढतात, त्याची पातळ पिशवी ठेवतात आणि कृत्रिम भिंग तिच्यातच बसवतात. पिशवीच्या कडेला उरलेल्या पेशी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मागच्या पटलावर सरकतात. कुठे मोत्यांसारख्या फुगतात, कुठे पटलाला सुरकुत्या पाडतात. मग दिव्यांभोवती वलयं दिसतात, अक्षरं धुरकट होतात. चौकोनी कडेच्या भिंगामुळे हे कमी होतं, थांबत नाही.

यावर एनडी-याग लेसर उत्तमच. १०६४ नॅनोमीटरचा हा किरण पटल जाळत नाही. जिथे एकवटतो तिथे सूक्ष्म स्फोट होऊन पटल फाटतं. आधी बाहुली मोठी करणारे थेंब, मग डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून ब्रिमोनिडीन आणि बधिरतेचा थेंब. हनुवटी टेकवून बसायचं, टकटक आवाज येतो, दुखत नाही. सुरुवात १ ते २ मिलिज्यूलने, मधोमध ३ ते ४ मिलिमीटरची खिडकी.

कसब आहे ते फोकसमध्ये. नेम पुढे सरकला की कृत्रिम भिंगावरच खड्डे पडतात, म्हणून फोकस पटलाच्या साधारण १५० ते २५० मायक्रॉन मागे ठेवतात. कडेचे एकदोन खड्डे सहसा जाणवत नाहीत. ऐन मध्यावरचे चकाकी देऊ शकतात. फुलीच्या आकारात फोडलं तर मधल्या भागावर नेम धरावाच लागतो. गोल कापलं तर तो धोका टळतो, पण सुटलेला तुकडा डोळ्यात तरंगत राहू शकतो.

गुण कापायचे ते एकाच गोष्टीसाठी: फोडलेलं पटल पुन्हा सांधता येत नाही. मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारं) भिंग पहिल्या दिवसापासूनच मानवत नसेल, तर आधी याग मारून घेऊ नये. नंतर भिंग बदलणं फार अवघड होतं. नजर कमी होण्याचं कारण डोळ्याच्या मागच्या पडद्याची (रेटिनाची) सूज किंवा डोळ्यांचा कोरडेपणा तर नाही, हेही आधी पाहायला हवं. पडदा न तपासता थेट मशीनसमोर बसवणाऱ्या दवाखान्यातून उठून आलेलं बरं.

नंतर तासाभराने दाब मोजतात, काही दिवस सूज उतरवणारे थेंब देतात. थोड्या माशा, म्हणजे नजरेपुढे तरंगणारे काळे ठिपके, दिसणं चालतं. पण अचानक माशांचा पाऊस, विजेसारखी चमक किंवा कडेने काळा पडदा सरकताना दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मोठा मायनस नंबर असलेल्यांना पडदा सुटण्याचा हा धोका जास्त.