सार्दू की गेन्सबूर? फ्रेंच गाणे ऐकू लागणाऱ्यासाठी एक तुलना

फ्रेंचच्या पहिल्या एक-दोन पातळ्या पार केलेल्या विद्यार्थ्याने भाषा कानांत मुरावी म्हणून एखाद्या गायकाची सगळी कारकीर्द सलग ऐकावी, हा सल्ला चांगलाच आहे. प्रश्न फक्त गायक कोणता, एवढाच उरतो. मिशेल सार्दू आणि सर्ज गेन्सबूर या दोघांचीही कारकीर्द दीर्घ, लोकप्रियता निर्विवाद आणि वाद भरपूर. मात्र दोघांच्या वादांची जात वेगळी आहे आणि निवड करताना तोच फरक सर्वांत उपयोगी पडतो.

सार्दूचा जन्म 1947 मध्ये पॅरिसमध्ये, नटांच्या घरात झाला. नाटकवाल्यांच्या या मुलाने गाण्यातला 'मी' जवळजवळ नेहमीच भूमिका म्हणून वापरला. 1974 मध्ये सरकारने अनुदान थांबवल्यामुळे 'फ्रान्स' हे प्रवासी जहाज सेवेतून काढून ल हाव्र बंदराजवळ बांधून ठेवण्यात आले, तेव्हा पुढच्याच वर्षी आलेल्या 'ल फ्रान्स' या गाण्यात बोलते ते स्वतः जहाजच: मला यापुढे फ्रान्स म्हणू नका, असे ते सुनावते. उजव्या विचारांचा म्हणून ओळखला जाणारा हा गायक त्या एका गाण्यापुरता कामगार संघटनांनाही आपला वाटला. (पुढे नाव आणि मालक बदलत हे जहाज 2006 मध्ये आपल्या गुजरातेतल्या अलंगच्या किनाऱ्यावर तोडणीसाठी येऊन पडले, हे गाणे ऐकताना आठवल्यावाचून राहत नाही.)

हीच युक्ती 1976 मध्ये त्याच्या अंगाशी आली. 'झ स्वी पूर' या गाण्यात मूल गमावलेला बाप खुन्याला मृत्युदंड मागतो, आणि तेही अशा वेळी की एका बालहत्येच्या खटल्यावरून फ्रान्समध्ये फाशीचा प्रश्न पेटलेला होता. 1977 च्या दौऱ्यात सार्दूविरोधी समित्या उभ्या राहिल्या, सभागृहांबाहेर निदर्शने झाली आणि ब्रुसेल्सच्या फोरे नासियोनाल सभागृहात बॉम्ब सापडला. बोलतो तो बाप, मी नव्हे, असा सार्दूचा बचाव होता. हा बचाव मला निम्माच पटतो: जहाजाला आवाज देणे वेगळे आणि पेटलेल्या वादात एका बाजूला चाल लावून देणे वेगळे. तरीही त्याचे गाणे ऐकणाऱ्याला बाजू घ्यायला लावते, हे नाकारता येत नाही.

गेन्सबूरने उलट वाट धरली. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात 1928 मध्ये जन्मलेला, नाझी अमलात पिवळा तारा छातीवर वागवलेला हा माणूस पुढे स्वतःच एक पात्र होऊन बसला. दाढीची खुंटे, सिगारेट आणि उर्मटपणा हा त्याचा वेषच झाला. 1969 मध्ये इंग्लिश अभिनेत्री जेन बर्किनसोबतचे त्याचे शृंगारिक द्वंद्वगीत बीबीसीने वर्ज्य केले आणि ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. 1979 मध्ये त्याने जमैकात तिथल्या वादकांबरोबर फ्रान्सचे राष्ट्रगीत रेगेच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. त्यावर चिडलेले माजी छत्रीधारी सैनिक जानेवारी 1980 मध्ये स्ट्रासबूरच्या कार्यक्रमात येऊन बसले, तेव्हा वादकांशिवाय एकट्यानेच रंगमंचावर येऊन, मूठ उगारून, त्याने तेच राष्ट्रगीत मूळ चालीत म्हटले. विरोधकांना उभे राहण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

या प्रसंगाने तो नायक ठरला असला, तरी त्याच्या खात्यावर काही जड गोष्टीही आहेत. 1966 मध्ये फ्रान्स गाल या अठरा वर्षांच्या गायिकेकडून त्याने जे द्व्यर्थी गाणे गाऊन घेतले, त्याचा दुसरा अर्थ तिला ठाऊक नव्हता आणि तो सल तिला पुढे राहिला. 1984 मध्ये स्वतःच्याच अल्पवयीन लेकीबरोबर गायलेले 'लेमन इन्सेस्ट' आज ऐकवत नाही. सार्दूचे वाद मतांचे आहेत. गेन्सबूरच्या काही वादांत दुसऱ्या कुणाला किंमत मोजावी लागली आहे, आणि माझ्या लेखी ते अधिक गंभीर आहे.

संगीताच्या बाजूने पाहिले तर पारडे स्पष्टपणे गेन्सबूरकडे झुकते. जॅझ, आफ्रिकी तालवाद्ये, रेगे, फंक असा त्याचा प्रवास आहे. झाँ-क्लोद व्हानिएच्या वाद्यवृंदरचनेने नटलेला 1971 चा 'इस्त्वार द मेलोडी नेल्सन' हा अर्ध्या तासाहूनही छोटा अल्बम आजही शिळा वाटत नाही. सार्दूकडे असे धाडस नाही. भव्य वाद्यवृंद, चढत जाणारी चाल, शेवटी टाळ्या घेणारा सूर हा त्याचा साचा. 1981 चे 'ले लाक द्यु कोनेमारा' त्याच साच्यातले, पण लग्नसमारंभांत आणि विद्यार्थ्यांच्या मेजवान्यांत आजही सगळे मिळून गातात ते हेच.

भाषेसाठी मात्र उत्तर फिरते. सार्दूचा प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो आणि गाण्याला कथा असते. उत्तरकाळातला गेन्सबूर पुटपुटतो, शब्द मध्येच तोडतो आणि अर्धी गंमत श्लेषात ठेवतो, जी नवख्याच्या हाती लागत नाही. म्हणून भाषा हे प्रयोजन असेल तर 'ल फ्रान्स'चे शब्द समोर ठेवून सार्दूपासून सुरुवात करावी आणि 'झ स्वी पूर' टाळू नये. कानाला नवे काही हवे असेल तर थेट 'मेलोडी नेल्सन' लावावा. पॅरिसला जाणे होणार असेल, तर 2023 मध्ये खुले झालेले र्यू द व्हेर्नेय रस्त्यावरचे गेन्सबूरचे घर आगाऊ तिकीट काढून पाहता येते. सार्दूने 2001 मध्ये निरोप घेऊन 2004 मध्ये पुनरागमन केले होते, त्यामुळे 2024 मध्ये संपलेल्या त्याच्या ताज्या निरोपाच्या दौऱ्यावर कितपत विश्वास ठेवायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.