बावचीतलं बाकुचिओल: सात महिने, तीन बाटल्या

आधी माझा मूर्खपणा सांगते, कारण बाकुचिओलच्या सिरमकडे मी त्याच वाटेने आले.

वय ४४, पुण्यात रोज दीड-दोन तास स्कूटरवर. स्कार्फ बांधूनही गालांवर वांग आलेच. मागच्या गणपतीत रेटिनॉल (डाग-सुरकुत्यांवर लावतात ते 'अ' जीवनसत्त्वाचं रूप) लावून पाहिलं, तर नाकाच्या कडेची कातडी इतकी सोलवटली की आरतीच्या प्रत्येक फोटोत मी कुणाच्या तरी मागे लपलेय. मग वाचनात आलं की बाकुचिओल रेटिनॉलसारखंच काम करतं, पण त्रास कमी देतं, आणि ते निघतं आपल्या बावचीतून. म्हटलं, मग सिरमची साडेसहाशेची बाटली कशाला? काष्ठौषधीच्या दुकानातून ५० ग्रॅम बावची आणली. काळं, चपटं, काजूसारखा बाक असलेलं बारीक बी. भरडून आठवडाभर तिळाच्या तेलात मुरवलं. तोंडाला लावण्याआधी डाव्या हातावर दोन ठिकाणी चोळून बघितलं (एवढी अक्कल तरी होती) आणि ऑक्टोबरच्या उन्हात कामाला निघाले.

पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात भाजल्यासारखा लाल, तिसऱ्या दिवशी फोड. फोड बसले आणि मागे रुपयाएवढे दोन काळे डाग राहिले. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, बावची लावून उन्हात जातात का? कोडाच्या डागावर लावतात ती, उन्हात बसवण्यासाठीच!"

तिचं शंभर टक्के खरं. बावचीत सोरालेन असतं. ते त्वचेत मुरलं आणि वर ऊन पडलं की त्वचा भाजते, काळवंडते. कोडावर सोरालेन देऊन अतिनील किरणांचा शेक देतात तो याच गुणामुळे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वेळ मोजून. बाकुचिओल हा त्याच बियांतला वेगळा पदार्थ. चांगल्या सिरममध्ये तो सोरालेनपासून सोडवून, शुद्ध करून घातलेला असतो. तेव्हा लेबलवर 'बाकुचिओल' लिहिलंय की नुसतं 'बावची अर्क', ते बघाच. नुसता अर्क असेल तर मी बाटली परत ठेवते.

गंमत म्हणजे १९६६ साली बावचीच्या बियांतून हे वेगळं काढून त्याला नाव देणारे मेहता, नायक आणि सुख देव हे पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले. पाषाणला त्या फाटकासमोरून मी किती वर्षं जातेय, आणि मला हे कळलं हात भाजल्यावर.

दिवाळीपासून १ टक्क्याचं सिरम सुरू केलं. सकाळ-संध्याकाळ चार-चार थेंब, ३० मिलीची बाटली अडीच महिन्यांच्या आसपास पुरते. तेलात विरघळणारा पदार्थ, त्यामुळे सिरम जरा तेलकटच. सकाळी लावून लगेच सनस्क्रीन थापलं तर त्याच्या गुठळ्या होतात; दहा मिनिटं थांबायचं. वास जवळपास नाही. आग नाही, सोलवटणं नाही, थंडीतही नाही. या एका बाबतीत शंभरपैकी शंभर.

दुसरी बाटली मात्र आली तीच पिवळट-तपकिरी, झाकणाशी तेल झिरपलेलं. विक्रेत्याचं उत्तर: "नैसर्गिक उत्पादन आहे, रंग बदलतो." अर्धंच खरं. बाकुचिओल हे फिनॉल नावाच्या रसायनांच्या गटातलं. ते फ्री रॅडिकलला (त्वचेला इजा करणाऱ्या अस्थिर कणाला) आपला हायड्रोजन देऊन शांत करतं, म्हणून त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. पण बाटलीत हवा शिरली तर ते तिथेच खर्ची पडतं, तुमच्या गालापर्यंत पोचायच्या आधी. चिरलेलं वांगं काळं पडतं तेही त्यातल्या फिनॉलमुळेच. (वांगासाठी सिरम घेतलं आणि वांग्याचा दाखला देतेय, चालायचंच.) दोन आठवडे भांडून बाटली बदलून घेतली. आता गडद काचेची, बारीक तोंडाची बाटली असेल तरच घेते.

फरक पडला का? तिसऱ्या महिन्यापासून गालांवरचे वांग फिके वाटायला लागले, पण नेमाने सनस्क्रीन लावणंही तेव्हाच सुरू झालं होतं. म्हणून हातावरच्या डागांवर प्रयोग केला: मनगटाकडच्या डागावर सिरम आणि सनस्क्रीन, कोपराकडच्यावर नुसतं सनस्क्रीन. चार महिन्यांनी दोन्ही सारखेच फिके. मुलीला न सांगता विचारलं, कुठल्यावर औषध लावलंय? तिने कोपराकडचा दाखवला.

डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या आहेत तिथेच आहेत. त्वचा मऊ झालीय, पण तसं चांगल्या तेलानेही होतं. जिच्या जोरावर सगळे जाहिरात करतात ती २०१८ची चाचणी १२ आठवड्यांची, ४४ जणांवरची. त्यात अर्धा टक्का बाकुचिओल दिवसातून दोनदा आणि तेवढंच रेटिनॉल एकदा, असं लावून सुरकुत्या नि डाग दोन्हींकडे सारखे कमी झाले, सोलवटणं आणि चुरचुर रेटिनॉलवाल्यांना जास्त. मला चुरचुरीबद्दलचा भाग तंतोतंत पटला. गरोदर भाचीने विचारलं, "मावशी, मी लावू का?" म्हटलं, बाटली घेऊन आधी तुझ्या डॉक्टरांकडे जा.

रेटिनॉल सोसत असेल तर हे घ्यायची गरज नाही. मला सोसत नाही, म्हणून चौथी बाटली मागवलीय. तिळाच्या तेलाची ती बरणी अजून माळ्यावर आहे. आईने तिच्यावर स्केचपेनने फुली मारून ठेवलीय.